बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, नव्यानं आलेल्या आणि मोबाइलवर फायटर सांभाळणाऱ्या पोरांसाठी

मी आजऱ्याहून बेळगावला आलो त्याला चौदा वर्षं झाली. एक ट्रंक, लांबच्या मामाचा पत्ता आणि फाउंड्रीत हेल्परची जागा, एवढ्यावर आलो. आता मोल्डिंगला सुपरवायझर आहे, अनगोळात घर आहे आणि वरच्या तीन खोल्या भाड्यानं देतो. दर जूनला चंदगड, गडहिंग्लज, सावंतवाडीकडची पोरं येतात. महिनाभर घरची आठवण काढतात आणि मग जिन्यावर आमच्यात येऊन बसतात. आम्ही तिथं तो ऑनलाइन एमएमए मॅनेजरचा खेळ खेळत असतो. एमएमए म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती, पकडी असं सगळं चालणारी पिंजऱ्यातली लढत. पंधरा दिवसांत त्यांचाही फायटर तयार होतो आणि पुढच्या पंधरा दिवसांत तो सलग पाच फाइट हरतो. मग तेच प्रश्न. खोलीचं डिपॉझिट कमी होईल का काका, कन्नड किती दिवसांत येतं, आणि माझा पैलवान का मार खातोय. दरवर्षी तोंड दुखवण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

गावाचं आधी उरकतो. काम उद्यमबागेत असेल तर अनगोळ किंवा वडगाव बघा, टिळकवाडीत भाडं परवडणार नाही. पहिल्या पगारातून रेनकोट घ्या, छत्री नको. इथला पाऊस आडवा येतो आणि जुलैत कपडे पंख्याखालीच वाळवावे लागतात. कन्नडचे पाच शब्द पहिल्या आठवड्यात पाठ करा: एष्टु म्हणजे किती, बेकु म्हणजे पाहिजे, बेड म्हणजे नको, स्वल्प म्हणजे थोडं, साकु म्हणजे पुरे. वयानं मोठ्या माणसाला अण्णा म्हणा, निम्मं काम तिथंच होतं. मराठी इथं सगळ्यांना समजतं, पण समोरच्यानं मराठी बोलायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. सीमाप्रश्नावर मत असू दे, माझंही आहे, पण मशीनवर तो विषय काढायचा नाही. एक नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि मराठी माणसांचा काळा दिवस एकदमच असतो, त्या दिवशी गावात काम काढू नका.

आता खेळ. कोणता ते नाव घेत नाही, कारण या जातीच्या बहुतेक खेळांना हे लागू पडतं. यात तुम्ही स्वतः लढत नाही. तुम्ही वस्ताद. पठ्ठा निवडायचा, त्याचा सराव ठरवायचा, फाइट घ्यायची, लढायचं कसं ते आधी सांगून ठेवायचं आणि मग गप्प बसून बघायचं. बटणं दाबून ठोसे मारायची सवय असलेल्या पोराला हे पचत नाही.

आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघायला गेला नसाल तर एकदा जा, आणि मोठ्या कुस्तीच्या आधी जा. बारक्या पोरांच्या जोड्या लावतात तेव्हा बघायचं. पंच दोन पोरांना खांद्याला खांदा लावून उभं करतो. एकाचा दंड चाचपतो, दुसऱ्याची मान दाबून बघतो, कान बघतो. कुठल्या तालमीत जातोस विचारतो. एखादं पोरगं हात वर करून कुणाशीही लढायला तयार असतं, त्याला ढकलून मागं बसवतो. हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं. त्या अर्ध्या मिनिटात कुस्ती निम्मी ठरलेली असते. आपल्या खेळात ते पंचाचं काम तुमचं आहे, आणि नवीन पोरं नेमकं तेच करत नाहीत. ऑफर आली, पैसे जास्त दिसले, दाबलं बटण.

जोड बघायची म्हणजे समोरच्याच्या नावापुढचे जिंकले-हरलेले आकडे बघायचे नाहीत. आठ जिंकला एक हरला, हे वाचून घाबरण्यात अर्थ नाही. तो एक कसा हरला ते उघडून बघा. ठोसा लागून पडला, की खाली गेल्यावर गळा आवळला गेला, की तिसऱ्या राउंडला दम संपून नुसता उभा राहिला? आणि जे आठ हरवले ते कोण होते? सगळे नवखे असतील तर तो आठचा आकडा पोकळ. जुन्या फाइटचा तपशील वाचायला दहा मिनिटं लागतात. आमच्या जिन्यावर नियम आहे, ऑफर आली की रात्रभर झोपायचं आणि सकाळच्या चहाला उत्तर द्यायचं.

दुसरी चूक आपल्याकडच्या पोरांची खास आहे आणि तिचं मला कौतुकही वाटतं. प्रत्येकाचा पहिला फायटर पैलवानच असतो. असणारच. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आपल्या चिकोडीकडच्या एकसंब्याचे, 1959 सालचे. त्यांचं नाव ऐकत वाढलेली घरं अजून आहेत. मग पोरगं सगळे गुण कुस्तीत ओततं, टेकडाउन, म्हणजे समोरच्याला खाली पाडायचा गुण, शंभराच्या जवळ नेतं आणि बाकी सगळं कोरडं ठेवतं. घोळ असा, की मातीत समोरच्याची पाठ लागली की कुस्ती संपली, हलगी वाजली, फेटा बांधला. पिंजऱ्यात पाठ लागल्यावर काहीच संपत नाही. खाली पडलेला माणूस दोन पाय तुमच्या कमरेभोवती घालतो आणि तिथून त्याचं काम चालू होतं. 1993 साली अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी ही एमएमएची स्पर्धा पहिल्यांदा झाली, त्यात अंगानं किरकोळ दिसणाऱ्या रॉयस ग्रेसीनं एका रात्रीत तिघांना पकडीत घेऊन हार कबूल करायला लावली, ती जिउ-जित्सू या जमिनीवरच्या पकडींच्या विद्येवर. आपल्या जवळचं बघायचं तर रितू फोगाट. कुस्तीच्या घराण्यातली, पट काढण्यात, म्हणजे पाय धरून पाडण्यात, वाघीण. डिसेंबर 2021 मध्ये सिंगापूरला वन चॅम्पियनशिप या एमएमए भरवणाऱ्या कंपनीच्या ग्रां प्री स्पर्धेची फायनल होती, समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स, मूळची मुष्टी-लाथांची लढवय्यी. दुसऱ्या राउंडला स्टॅम्पनं आर्मबार, म्हणजे कोपर उलटं ताणणारी पकड, लावला आणि रितूला हार मानावी लागली. कुस्ती कच्ची होती म्हणून हे झालं नाही.

म्हणून पैलवान घेतलात तर पुढचे गुण बॉक्सिंगला देऊ नका. आधी सबमिशनपासून, म्हणजे हार मानायला लावणाऱ्या पकडींपासून, बचाव, मग दम, आणि त्यानंतर हात. उलट उभ्यानं मारामारी करणारा घेतलात तर त्याला टेकडाउनपासून बचाव शिकवा; तेवढं पक्कं झालं की अर्धे पैलवान त्याच्यापुढं निरुपयोगी. सगळं थोडंथोडं येणारा फायटर पहिल्या वर्षात काढू नका. तो कागदावर छान दिसतो आणि कुणालाच हरवत नाही.

गेल्या पावसाळ्यात चंदगडचं एक पोरगं होतं माझ्याकडे, लेथवर शिकाऊ. त्यानं डावपेचाच्या पानावर टेकडाउनचा स्लायडर नव्वदवर नेऊन ठेवला. पहिल्या राउंडला तीन पट काढले, आम्ही सगळे ओरडलो. दुसऱ्याला चार वेळा घुसला, एकदाच जमलं. तिसऱ्याला त्याचा फायटर हात खाली सोडून उभा, आणि समोरचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, मारत त्याला जाळीला नेतोय. पोरगं म्हणतंय, काका, हा असा काय करायलाय? अरे, त्याचा दम गेलाय. फसलेला पट जमलेल्या पटापेक्षा जास्त दम खातो, खऱ्यातही आणि बहुतेक खेळांतही. पाच-पाच मिनिटांचे तीन राउंड असतात, टायटलची फाइट असेल तर पाच. पहिल्या राउंडला पन्नासच्या आसपास ठेवा, खडाखडी होऊ द्या, समोरचा पट कसा अडवतोय ते लिहून आलेल्या वर्णनात वाचा. राउंडनिहाय डावपेच बदलायची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर मधलाच आकडा धरा.

खाली पाडून नुसतं दाबून बसलं की राउंड आपला, असंही समजू नका. पंच दहापैकी मार्क देतात, जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला बहुधा नऊ. एमएमएच्या सध्याच्या एकत्रित नियमांत आधी बघतात ते फटक्यांनी आणि पकडीनं समोरच्याचं काय झालं ते. तिथं बरोबरी असेल तरच आक्रमकपणा आणि ताबा. खेळ बनवणारे बरेचदा हेच नियम उचलतात, म्हणून खाली गेल्यावर ठोसे किंवा सबमिशन यांपैकी एक स्लायडर वर ठेवाच.

वजनाचं थोडक्यात. गटांची वरची मर्यादा अशी: वेल्टरवेट 77.1 किलो, लाइटवेट 70.3, फेदरवेट 65.8. खऱ्या एमएमएत वजन फाइटच्या आदल्या दिवशी होतं, म्हणून माणसं पाणी तोडून खालच्या गटात उतरतात आणि रात्रीत पुन्हा भरतात. खेळातही ही सोय असली की नवीन पोरं दोन-दोन गट खाली उतरतात. मीही उतरवला होता एकदा, वेल्टरवेटचा फेदरवेटला नेला. पहिला राउंड त्याचा होता, पुढचं विचारू नका. एक गट पुरे. साकु.

सरावात सगळ्यात महाग चूक म्हणजे विश्रांती न देणं. फायटरच्या थकव्याचा पट्टा लाल होईपर्यंत जोर-बैठका काढायला लावायच्या आणि मग फाइटच्या आदल्या आठवड्यात दुखापत झाली म्हणून रडायचं. सरावाची जोडीसुद्धा बघावी लागते. आपल्यापेक्षा थोडा वरचढ जोडीदार चांगला, फार वरचढ असेल तर पोरगं नुसतं आपटलं जातं. स्वतःची जिम काढायचं तर वर्षभर डोक्यातही आणू नका, भाडं आणि कोचांचे पगार तुमचे सगळे पैसे गिळतात. करारात एकाच प्रमोशनला, म्हणजे फाइट भरवणाऱ्या कंपनीला, सहा फाइट बांधून घेऊ नका, दोन-तीन बस. आणि खरे पैसे, म्हणजे पगारातले, पहिले तीन महिने एक रुपयाही नाही. पहिल्या पगारातून घरी कुंदा न्या, आई खूश होईल. खेळातल्या हिऱ्यांनी कोणी खूश होत नाही.

वेळेचं सांगायचं राहिलंच. या खेळांचं घड्याळ परदेशी असतं, आपल्याकडं फाइट रात्री दोन-तीनला लागते. तुमची पहिली पाळी सात वाजता. माझं काय झालं ते ऐका. जुलै महिना, बाहेर धो-धो, फाइट पहाटे अडीचला, आणि मी डावपेच रात्री जेवून भरू म्हणून ठेवले. नऊला लाइट गेली ती सकाळीच आली. फोनला चार टक्के, तो पीठ मळून हात धुवेपर्यंत बंद. फायटर गेला तो मागच्या फाइटचेच डावपेच घेऊन, आणि मागची फाइट होती एका ठोसेबाजाशी: अंतर कमी करा, चिकटून लढा. आताचा समोरचा जिउ-जित्सूवाला. आमचा गडी आपणहून जाऊन त्याच्या मिठीत पडला. पहिल्या राउंडच्या दीड मिनिटात गळा. सकाळी पाळीवर जाताना तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुलावर पावसात थांबून निकाल वाचला, आणि त्या दिवशी एक साचाही माझ्याकडून बिघडला. तेव्हापासून करार केला की त्याच संध्याकाळी डावपेच भरायचे, नंतर हवे तर बदलायचे.

आमच्या गटात गोकाक आणि अथणीची कन्नड पोरं पण आहेत. त्यांतल्या एका अण्णाचा फायटर सगळ्यांत वरचा आहे. त्याला मराठी बेताचं येतं, मला कन्नड बेताचं, पण गार्डमधून, म्हणजे खालच्यानं कमरेभोवती घातलेल्या पायांतून, बाहेर कसं यायचं ते त्यानं मला जमिनीवर झोपून दाखवलं. त्याला लाजू नका, विचारा, तो सांगतो. फक्त जेवायच्या वेळी विचारू नका.

रविवारी सकाळी दहाला सगळे जिन्यावर असतात. ऑफर आली असेल तर उत्तर न देता घेऊन या, समोरच्याच्या हरलेल्या फाइट आपण मिळून वाचू. येताना चार्जर आणा, वरच्या खोलीत एकच बोर्ड चालतोय.