फ्रान्सच्या खेड्यांतून सायकल, पण गाड्या नकोत: रूट कसा निवडायचा

फ्रान्समध्ये सायकल टूर करायची म्हटलं की लोक आधी मोठमोठी नावं शोधतात. लुआर आ व्हेलो ९०० किमी, व्हियारोना ८१५ किमी, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरून ला रोशेलला जाणारी व्हेलो फ्रान्सेत ६०० च्या वर, आणि मग ठरतं की चला, यातलं एक पूर्ण मारू. रूट छानच आहेत, पण तुमची पहिली अट "शेजारून गाडी जाता कामा नये" अशी असेल तर सुरुवात इथून करू नका. कारण हे सगळे व्हेलोरूत आहेत, म्हणजे सायकलींसाठी बोर्ड लावून तुकडे जोडून केलेले रूट. काही तुकडे गाड्यांना बंद, काही गावातले शांत रस्ते, आणि मधेच एखादा पॅच असा येतो की मागून ट्रकचा आवाज ऐकून पोटात गोळाच येतो.

तुम्हाला हवाय तो व्वा व्हेर्त. फ्रान्सच्या वाहतूक कायद्यात २००४ पासून याची वेगळी व्याख्या आहे: मोटर असलेली वाहनं बंद, चालणारे, सायकलवाले, स्केटवाले चालतात, काही ठिकाणी घोडेसुद्धा. चौकोनी निळा बोर्ड असतो, त्यावर चालणारी माणसं आणि सायकल. तो दिसला की निर्धास्त. (कालव्याची देखभाल करणारी गाडी किंवा शेतात जाणारा एखादा ट्रॅक्टर कधीमधी येतो, तेवढं चालवून घ्यायचं.) तर प्लॅन असा करा की आधी व्वा व्हेर्तचा एक लांब सलग तुकडा पकडा, मग तिथपर्यंत ट्रेन आहे का बघा, आणि मोठ्या रूटचं नाव वगैरे सगळ्यात शेवटी. एएफ-त्रुआ-व्हे (AF3V) नावाची संस्था देशभरच्या अशा रस्त्यांची माहिती ठेवते, फ्रान्स व्हेलो तुरिझ्मच्या साइटवर नकाशात गाड्यांना बंद असलेले तुकडे आणि रस्त्यावरचे तुकडे वेगळे दाखवलेले असतात, झूम करून करून बघा, कंटाळा करू नका, सगळं तिथंच ठरतं.

हे रस्ते मुख्यतः दोन प्रकारचे. एक, बंद पडलेल्या रेल्वेलाइनवर केलेले. दोन, कालव्याच्या काठचे, जिथून पूर्वी घोडे बोटी ओढायचे. दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे आणि तुम्हाला कुठला झेपेल हे आधी ठरवा.

रेल्वेवाले माझे आवडते. इंजिनाला चढ झेपत नाही म्हणून लाइन टाकतानाच चढ साधारण दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवलेला असतो, त्यामुळे डोंगराळ भागातसुद्धा सामान लादलेली सायकल आरामात जाते, चढतोय हे कळतसुद्धा नाही, फक्त वेग का कमी झाला म्हणून आपण ब्रेक घासतोय का ते बघत बसतो. मधे मधे जुनी स्टेशनं लागतात, कुठं कॅफे, कुठं नुसतं बाकडं. बोगदे असतात, म्हणून लाइट हवाच. आणि जिथं रस्ता क्रॉस होतो तिथं लाकडी किंवा लोखंडी अडसर असतात, दोन्हीकडे पॅनियर म्हणजे सामानाच्या पिशव्या लावलेली सायकल त्यातून वाकडीतिकडी करून काढावी लागते, ट्रेलर असेल तर शिव्याच. क्रॉसिंगला बहुतेक वेळा थांबायचं आपणच असतं, गाडीवाला थांबेल असं धरून घुसू नका.

कालवेवाले अगदी सपाट, लॉक म्हणजे बोटी वरखाली करायचे दरवाजे आले की तेवढा छोटा उंचवटा. चुकण्याचा प्रश्न नाही, पाणी एका बाजूला ठेवायचं आणि जात राहायचं. पण तासन् तास सरळ, त्यात समोरून वारा असेल तर चढापेक्षा वाईट, आणि संध्याकाळी डास. रस्ता कुठं डांबरी, कुठं दाबून बसवलेली वाळू-खडी, कुठं नुसती पायवाट, तेव्हा पातळ टायरची रोड बाइक नको, ३५-४० एमएमचे टायर टाका.

पहिल्यांदाच जाताय तर माझं सरळ मत आहे, पूर्व फ्रान्समधला बरगंडी प्रांत. ज्या रस्त्यापासून फ्रान्समधलं हे व्वा व्हेर्त प्रकरण सुरू झालं तो तिथलाच, जिव्री ते क्लुनी, १९९७ साली जुन्या रेल्वेवर केलेला, आणि आता शालों-सुर-सॉनपासून माकोंच्या दारापर्यंत साधारण ७० किमी जोडला गेलाय. डांबरी, सपाटसा, दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, मग कुरणं, पांढऱ्या शारोले गायी. ७० किमी एका दिवसात होतात, पण करू नका, दोन किंवा तीन दिवस द्या. ब्युक्सीला थांबा, सें-जांगूचं जुनं गाव बघा, कोरमातँचा शातो म्हणजे जुना गढीवजा वाडा बघा, तेझे गावाच्या टेकडीखालून रस्ता जातो, तिथं १९४० मध्ये सुरू झालेला ख्रिस्ती मठ आहे आणि उन्हाळ्यात जगभरची तरुण पोरं येऊन राहतात. क्लुनीला मुक्काम करा. ९१० साली स्थापन झालेला मठ, त्याचं चर्च रोमचं सेंट पीटर्स नव्याने बांधलं जाईपर्यंत ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं होतं, राज्यक्रांतीनंतर दगडांसाठी पाडून पाडून आता थोडासाच भाग उरलाय, पण तेवढ्यावरूनही अंदाज येतो.

क्लुनीच्या पुढं ब्वा क्लेरचा बोगदा, तब्बल १.६ किमी. आत दिवे आहेत, पण उन्हाळ्यातही थंडगार, जॅकेट वरच ठेवा. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद करतात, मग खिंडीवरून रस्त्याने चढून जावं लागतं.

दुसरा पर्याय दक्षिणेकडं, बोर्दोहून. शहराबाहेर लात्रेनपासून सोव्हतेर-द-ग्वियेनपर्यंत ५० किमीच्या आसपास जुनी रेल्वे, १९३७ ची टूर द फ्रान्स सायकल शर्यत जिंकलेल्या रोजे लापेबीचं नाव दिलंय त्याला. पूर्ण झाडीतून जातो. सोव्हतेरनंतर थोडं अंतर छोट्या रस्त्यांवरून, आणि मग गारोन कालवा लागतो, तो पार तुलूझपर्यंत, आणि काठचा रस्ता जवळजवळ सगळा डांबरी. आजँला कालवाच नदीवरून पुलावर जातो, ५३९ मीटर, तुम्ही पण त्याच्या कडेने सायकल चालवत जाता, खाली गारोन, शेजारी बोट. पुढं म्वासाकच्या मठातलं अंगण चुकवू नका.

तुलूझला पोचल्यावर सगळ्यांना वाटतं आता तसंच कनाल द्यु मिदीवरून समुद्रापर्यंत जाऊ. जरा थांबा. कालवा युनेस्कोच्या यादीत आहे, १६६६ ते १६८१ मध्ये रिके नावाच्या माणसाच्या डोक्यातून निघालेलं काम, २४० किमी, सगळं मान्य. पण पहिले ५० किमी गुळगुळीत झाले की पुढं बराच भाग मुळांनी उखडलेल्या पायवाटेचा आहे, काही तुकडे सुधारलेत तरी पाऊस पडला की चिखल होतो. शिवाय फोटोत दिसणारी ती प्लेन म्हणजे चिनारच्या जातीच्या झाडांची कमान अनेक ठिकाणी गेली, २००६ पासून बुरशीचा रोग लागलाय, हजारो झाडं तोडावी लागली, नवी लावली आहेत पण सावली यायला वेळ लागेल. जुलै-ऑगस्टच्या उन्हात तिथं जाऊ नका एवढंच सांगतो.

खडबडीत चालत असेल तर मग त्यापेक्षा पासा पाई नावाचा व्वा व्हेर्त घ्या, माझामे ते बेदारियू, साधारण ८० किमी, ओ-लांग्दॉकच्या डोंगरांतून जुन्या रेल्वेने, बोगदे, पूल, ओलार्गसारखी गावं, गर्दी जवळजवळ शून्य. किंवा ब्रिटनीतला नांत-ब्रेस्त कालवा, त्यातला रदों ते पोंतिव्ही हा भाग, जोसलँचा किल्ला थेट पाण्यावर उभा आहे. इंग्रज आरमाराने किनारा अडवला होता म्हणून नेपोलियनच्या काळात आतून बोटी न्यायला हा कालवा काढला.

लंडनला राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी तर सगळ्यात सोपं, न्यूहेवनहून दिएपची फेरीबोट, चारेक तास, उतरलं की थोड्याच अंतरावर आर्कपासून फोर्ज-लेझोपर्यंत ४० हून जास्त किमी डांबरी जुनी रेल्वे. लांबच्या वीकेंडला होतं. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा मात्र लागतोच, यूकेमध्ये राहण्याची परवानगी असली तरी.

आता खाण्याचं, कारण इथं खरी गंमत आहे. खेड्यातली दुकानं साधारण बारा ते दोन बंद, रविवारी दुपारनंतर बंद, आणि सोमवारी बेकरीसुद्धा बंद असू शकते. व्वा व्हेर्त बऱ्याचदा गावाला वळसा घालून जातो, म्हणजे पुढं मिळेल म्हणून गेलात तर २० किमी काही नाही. सकाळीच बागेत (लांबडा फ्रेंच पाव), चीज, फळं भरून घ्या. शाकाहारी असाल तर "सां व्हियांद, सां पुआसों" (मांस नको, मासे नकोत) पाठ करा आणि सॅलडमध्ये लार्दों म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे आहेत का ते आधी विचारा, फ्रेंच माणूस त्याला मांसात धरेलच असं नाही. कॅम्पिंग करणाऱ्यांनी स्टोव्ह आणि मेतकूट सोबत ठेवावं, भात कुठंही होतो. पाणी संपलं तर गावाची दफनभूमी शोधा, तिथं नळ असतोच, फक्त "नों पोताब्ल" (पिण्यायोग्य नाही) लिहिलेलं असेल तर पिऊ नका.

राहायला "आक्य व्हेलो"ची पाटी बघा. रूटपासून ५ किमीच्या आत असलेल्या ठिकाणांना ती मिळते, आणि सायकल ठेवायला सुरक्षित जागा, दुरुस्तीची हत्यारं असणं त्यांना बंधनकारक असतं. स्वस्तात हवं तर गावच्या नगरपालिकेचे कॅम्पिंग, पण त्यातले बरेच ऑक्टोबर ते मार्च बंद. मे-जून आणि सप्टेंबर उत्तम, ऑगस्टमध्ये सगळा फ्रान्स सुट्टीवर असतो.

नियम थोडेच: १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं, गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात रिफ्लेक्टर जॅकेट सक्तीचं, आणि कानात इअरफोन घालून चालवलं तर १३५ युरो दंड.

भारतातून सायकल खोक्यात घालून न्यायची का? आठवड्याच्या टूरसाठी नको, तिथंच भाड्याने घ्या. ट्रेनमध्ये टीईआर म्हणजे लोकल टाइप गाड्यांत सायकल बहुतेक ठिकाणी फुकट जाते, उन्हाळ्यात काही भागांत रिझर्व्हेशन मागतात, टीजीव्ही म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत तर जागा आधीच बुक करावी लागते आणि सगळ्या गाड्यांत ती सोय नसते. बरगंडीचा फायदा इथं पण आहे, दिजों-लियों लाइनच्या टीईआर शालों आणि माकों दोन्हीकडे थांबतात, म्हणजे एका टोकाला सायकल भाड्याने घेतली तरी दुसऱ्या टोकाहून ट्रेनने परत, आणि भर दुपारची गाडी पकडली तर सायकल लटकवायला जागाही मिळते.