फेरो ओलं, हीट वाया: पावसाळ्यात फाउंड्रीवाल्यांनी या चुका टाळा

मे महिना सरत आला की कोकणात घरोघरी आगोटीची बेगमी सुरू होते. सुकी मासळी, लाकडं, मसाला, तांदूळ, सगळं ओल लागणार नाही अशा जागी चढतं. आमच्या फाउंड्रीत मात्र त्याच दिवसांत फेरो मँगनीजच्या गोण्या पत्र्याच्या शेडमध्ये थेट कोब्यावर, अगदी पागोळ्यांच्या रांगेत रचलेल्या असायच्या. चुलीच्या लाकडांना लावतो तेवढी अक्कल आपण या महागड्या मालाला लावत नाही.

रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या स्टील फाउंड्रीत भट्टीवर बरीच वर्षं काढली. कास्टिंगला पिनहोल (बारीक भोकं) आले, तडा गेला, स्पेक्ट्रोवर (धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्रावर) आकडा चुकला की पहिलं बोट फेरोच्या व्यापाऱ्याकडे जायचं. प्रत्येक हीटची, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या मालाची, वही नीट ठेवायला लागलो तेव्हा दिसलं की व्यापारी कधीमधी, आणि बाकी वेळा आम्हीच.

नव्याने आलेल्यांसाठी दोन वाक्यं. फेरो मँगनीज, सिलिको मँगनीज, फेरो सिलिकॉन, फेरो क्रोम ही लोखंडाबरोबरची मिश्रणं, आणि स्टीलला गुण येतो तो यांच्यामुळे. मँगनीज गंधकाला धरून ठेवतं. ते कमी पडलं तर लोह आणि गंधकाचं मिश्रण ९८८ अंशांनाच वितळतं, कणांच्या सीमांवर पसरतं आणि तापलेलं स्टील फाटतं. सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम विरघळलेला ऑक्सिजन काढून घेतात.

ओल

पावसाळ्यात खाणी थंडावतात, म्हणून खडी क्रशरवाले तेव्हाच जबडे (दगड चिरडणाऱ्या जाड प्लेटा) बदलून घेतात. म्हणजे मँगनीज स्टीलची ऑर्डर नेमकी जुलै-ऑगस्टमध्ये येते. एक टन जबड्याच्या स्टीलला साधारण १७० किलो फेरो मँगनीज लागतं. त्यात फक्त एक टक्का ओल धरा. पावणेदोन लिटर पाणी झालं, आणि ते तुम्ही लाल रसात, म्हणजे वितळलेल्या स्टीलमध्ये, ओतताय. नशीब चांगलं असेल तर नुसता तडतडाट होतो आणि हायड्रोजन रसात शिरतो. कास्टिंग मशीनवर चढल्यावर सालीखाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात. नशीब वाईट असेल तर रस छतापर्यंत उडतो.

गोण्या लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब ठेवा. वापरायच्या दिवशी माल लोखंडी ट्रेमध्ये पसरून लेडल (रस ओतायचं भांडं) तापवायच्या बर्नरशेजारी दोन-अडीच तास २०० ते ३०० अंशांवर सुकवा. आमचा एक जुना मेल्टर (भट्टी चालवणारा) ढेकूळ गालाला लावून "सुकलाय" म्हणायचा. त्याचं ऐकू नका. ढेकळाच्या भेगांतलं पाणी गालाला कळत नाही. गोणीच्या तळाची भुकटी चाळून वेगळी काढा. ती ओल सगळ्यात जास्त धरते आणि निम्मीअधिक स्लॅगमध्ये (रसावर तरंगणाऱ्या मळीत) जाते.

फेरो सिलिकॉनचं प्रकरण वेगळं आहे. ते भिजलं की हायड्रोजन सुटतो, आणि मालातल्या अशुद्धीमुळे फॉस्फीन, आर्सीनसारखे विषारी वायूही. म्हणूनच ३० ते ९० टक्के सिलिकॉनचा हा माल जहाजावर धोकादायक मालात, यूएन १४०८ या क्रमांकाखाली मोडतो. आपल्याकडे पाऊस आत येऊ नये म्हणून स्टोअरची सगळी दारं-खिडक्या बंद करून टाकतात. ही चूक आहे. पाणी बाहेर राहिलं पाहिजे, पण वारा आरपार गेला पाहिजे. वास लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा येतो, आणि कोकणात पंचाईत इथेच होते: कुणाच्या तरी डब्यात सुकट असेल म्हणून माणूस आत जाऊन बसतो. असा वास आला तर आधी बाहेर पडा, मग डबे शोधा. आणि या मालाजवळ आग लागली तर पाणी मारू नका, कोरडी वाळू टाका.

जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेलं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पुरात भिजलेला माल दोन दिवस उन्हात टाकून भट्टीत घालायचा मोह होतो. त्याला पाण्याबरोबर चिखलही लागलेला असतो. तो वेगळा ठेवा, पूर्ण धुऊन-सुकवून नमुना तपासल्याशिवाय हात लावू नका. भिजलेलं फेरो सिलिकॉन तर शेडमध्येही घेऊ नका.

हिशेब

टनभर रसात अर्धा टक्का मँगनीज वाढवायचं आहे. फेरो मँगनीज ७५ टक्क्यांचं. मेल्टर भागाकार करतो, ६.७ किलो काढतो आणि टाकतो. स्पेक्ट्रोवर ०.४२ वाढ दिसते, मग "माल हलका आला" म्हणून फोन जातो. माल बरोबर आहे, फक्त काही मँगनीज स्लॅगमध्ये जळालंय. ८५ टक्के रिकव्हरी (रसात प्रत्यक्ष उतरणारा हिस्सा) धरली तर ७.८ किलो लागतात. हा ८५ चा आकडाही माझा उसना घेऊ नका. आपल्या वहीतल्या वीस-पंचवीस हीटवरून स्वतःचा काढा.

याच ७.८ किलोबरोबर साधारण ०.०५ टक्के कार्बनही आत गेला, कारण हाय कार्बन फेरो मँगनीजमध्ये सात टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. कमी कार्बनच्या ग्रेडमध्ये तेवढ्यावर हीट बाद होते. तिथे सिलिको मँगनीज घ्या: त्यात कार्बन दोनेक टक्के, आणि सिलिकॉनही सोबत येतं. फक्त त्या सिलिकॉनचा हिशेब फेरो सिलिकॉनमधून वजा करायला विसरू नका.

जबडे

मँगनीज स्टील रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ मध्ये शोधलं. आपल्या काळ्या पत्थराला आजही त्याचाच जबडा पुरतो, आणि त्यातलं मँगनीज बहुधा भंडारा, नागपूर, बालाघाटच्या खाणींतून आलेलं असतं. कोकणात खनिज नाही असं नाही. कणकवली तालुक्यात क्रोमाइट आहे, रेडीला लोहखनिज आहे. पण टनभर फेरो क्रोमला साडेतीन-चार हजार युनिट वीज लागते. पोफळीला कोयनेची वीज तयार होते म्हणून ती दारात स्वस्त मिळते, असं काही होत नाही.

जबड्यात सगळ्यात जास्त घोळ फॉस्फरसचा होतो. १२.५ टक्के मँगनीजसाठी १६७ किलो फेरो मँगनीज धरा, जळणं बाजूला ठेवा. त्यात फॉस्फरस ०.३५ टक्के असेल तर एकट्या फेरोमधूनच ०.०५८ टक्के आला. भंगाराचा ०.०३ मिळवा, झाला ०.०८८. एएसटीएम ए१२८ या मँगनीज स्टीलच्या मानकात कमाल मर्यादा ०.०७ आहे. असा जबडा दिसायला देखणा असतो आणि क्रशरवर पहिल्या आठवड्यात दोन तुकडे होतो. म्हणून टीसीवर (मालासोबतच्या तपासणी दाखल्यावर) मँगनीजचा आकडा पाहून समाधान मानू नका. फॉस्फरसची ओळ आधी वाचा. कार्बन तर याच १६७ किलोतून जवळजवळ १.१७ टक्के येतो, म्हणजे लागतो तेवढा होऊन गेला. अशा वेळी चार्जमध्ये (भट्टीत भरायच्या मालात) स्प्रिंग-पट्ट्यांचं भंगार टाकलं की वरची मर्यादा ओलांडलीच.

सिलिका लाइनिंगमध्ये (भट्टीच्या आतल्या अस्तरात) हे स्टील काढणारे अजूनही भेटतात. मँगनीजचा ऑक्साइड सिलिकाशी मिळून पातळ होतो आणि लाइनिंग खातो. मॅग्नेसाइट लावा.

आणि ते लोहचुंबक! जबडा चुंबकाला चिकटला नाही म्हणजे क्वेंचिंग (तापवून पाण्यात बुडवणं) पास, असा समज आहे. १०५० अंशांच्या आसपास तापवून तो ताबडतोब पाण्यात गेला पाहिजे. दारापासून टाकीपर्यंत क्रेन रेंगाळली किंवा तिसऱ्या खेपेला टाकीचं पाणी कोमट झालं, की कणांच्या सीमांवर ठिसूळ कार्बाइड बसतं. ते चुंबकाला दिसत नाही. उलट सालीवर चुंबक किंचित धरला तर घाबरू नका, वरचा कार्बन जळालेला असतो.

कधी टाकायचं

रिकाम्या लेडलच्या तळाशी फेरो पसरून वर रस ओतणं बंद करा. माल तळाला चिकटतो, आणि ओला असेल तर उसळतो. लेडल पाव ते तृतीयांश भरल्यावर धारेत टाका, पाऊण भरायच्या आत संपवा. फेरो सिलिकॉन हाताला हलकं लागतं, रसावर तरंगतं. लेडलमध्ये स्लॅग आली असेल तर तो सगळा तिचाच घास. क्रम: मँगनीज आणि सिलिकॉन आधी, ॲल्युमिनियम शेवटी.

लोटे-परशुरामच्या किंवा महाडच्या केमिकल कारखान्यांसाठी स्टेनलेसचे पंप ओतत असाल तर फेरो क्रोम लो कार्बनचंच घ्या. हाय कार्बनमधून एक टक्का क्रोमियम वाढवलं की ०.१३ टक्के कार्बन शिरतो, आणि सीएफ८एम या स्टेनलेस ग्रेडला कमाल ०.०८ चालतो. इंडक्शन भट्टीत तो परत काढता येत नाही.

ओतण्याआधी चमचाभर रस छोट्या साच्यात घ्या आणि मिनिटभर बघत राहा. मध्ये खळगा पडला तर ओता. माथा फुलकोबीसारखा फुगून वर आला तर रसात वायू आहे, थांबा, आणि आज सकाळी ट्रे सुकवला होता का ते विचारा.