स्लो कुकरमधलं पुल्ड पोर्क: या चुका टाळा

पुल्ड पोर्क म्हणजे काट्याने ओढताच तंतू सुटतील इतकं मऊ शिजवलेलं डुकराचं मांस. स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, ते बिघडवणं खरं तर अवघड आहे. तरीही आपली मंडळी ते जमवतात, आणि सगळे एकाच पद्धतीने जमवतात. मी राहते अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात, जिथे लोक या पदार्थावरून शेजाऱ्यांशी भांडतात. त्यामुळे सुट्ट्यांचा मोसम आला की चिवट झालेल्या मांसाच्या तक्रारी माझ्याकडे येतात.

पहिली चूक दुकानातच होते. आरोग्याचा विचार करून लोक पोर्क लॉइन, म्हणजे पाठीचं मांस, घेतात. पांढरंशुभ्र, चरबी नाही, दिसायला देखणं. ते आठ तास शिजवलं की कोरडा भुसा हातात येतो, मग त्यावर कितीही सॉस ओता. पुल्ड पोर्कला खांद्याचाच तुकडा लागतो. पाकिटावर पोर्क शोल्डर किंवा बॉस्टन बट असं लिहिलेलं असतं. इंग्रजीत बट म्हणजे ढुंगण, पण नावात बट असलं तरी तो खांद्याचा वरचा भागच असतो, तेव्हा नाक मुरडू नका. चरबी नको असेल तर त्या दिवशी चिकन करा.

आता माझी सगळ्यात नावडती चूक. भाचीच्या नवऱ्याने घरी आठ-दहा जणांना जेवायला बोलावलं होतं. चार पौंडांचा चांगला तुकडा आणला, सकाळी अकराला कुकर लो वर, म्हणजे सगळ्यात मंद आचेवर, लावला आणि साडेपाचला मला फोन. "मावशी, जास्त शिजलं वाटतं. काट्याने ओढलं तर सुटतच नाही. बंद करू का?" थर्मामीटर होताच हाताशी, इंजिनियर माणूस. आकडा होता 168 अंश फॅरनहाइट. सरकारी तक्त्यात पोर्कच्या अख्ख्या तुकड्याला 145 पुरेसे लिहिलेत, म्हणजे हे 23 अंश पुढे गेलं, असा त्याचा हिशेब. मी विचारलं, झाकण किती वेळा उघडलंस? उत्तर आलं, "दर अर्ध्या तासाने, फक्त बघायला."

म्हटलं, "जावईबापू, आधी झाकण लावा आणि कुकरपासून लांब बसा."

ते 145 अंश खाण्यासाठी सुरक्षित असण्याचे आहेत, मऊ होण्याचे नाहीत. खांद्याच्या मांसात कोलॅजन भरपूर असतं. ते साधारण 160 अंशांच्या पुढे हळूहळू विरघळायला लागतं आणि त्याचं जिलेटिन होतं. तोवर तंतूंमधलं पाणी बरंच निघून गेलेलं असतं, तंतू आखडलेले असतात आणि कोलॅजन मात्र जागेवरच. म्हणजे 160-170 च्या आसपास मांस सगळ्यात वाईट लागतं, आणि नेमकं तिथेच उतावळी माणसं कुकर बंद करतात. ते जास्त शिजलेलं नसतं, कमी शिजलेलं असतं. आतला आकडा 195 ते 205 वर गेला की काटा फिरवताच तुकडा सुटतो. हाडासकट तुकडा असेल तर थर्मामीटरही नको. हाड चिमट्याने धरून ओढायचं, स्वच्छ बाहेर आलं की झालं.

झाकणाबद्दल काय सांगू? एकदा उघडलं की साठलेली वाफ जाते आणि ती भरून यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. दर अर्ध्या तासाने उघडणारा माणूस दिवसभर स्वयंपाक करत नसतो, थांबवत असतो. त्या रात्री मुलांना खिचडी वाढली आणि मोठ्यांना मांस मिळालं साडेनऊला. उत्तम झालं होतं, पण निम्मे पाहुणे तोवर खिचडीवरच उरकून मोकळे झाले होते.

म्हणून वेळेचा हिशेब उलटा करा. चार पौंडांना लो वर आठ ते दहा तास धरा, वर एक तास जास्तीचा ठेवा. लवकर झालं तर वॉर्मवर, म्हणजे नुसतं गरम ठेवणाऱ्या बटणावर, दोन तास आरामात राहतं. हाय वर, म्हणजे जास्त आचेवर, पाच-सहा तासांत होतं, पण मला लो चंच आवडतं. प्रेशर कुकरवाल्यांनी मला लिहू नये. तुमचं दीड तासात होतं, माहीत आहे. करा.

दुसरी लाडकी चूक पाण्याची. आपल्याला मटणाच्या रश्श्याची सवय, त्यामुळे तुकडा बुडेपर्यंत पाणी घातल्याशिवाय हात थांबत नाही. स्लो कुकरमधून वाफ जवळजवळ बाहेर जात नाही आणि मांस स्वतःचंच पाणी भरपूर सोडतं. मी अर्धा कप ॲपल सायडर व्हिनेगर घालते, तेवढंच. व्हिनेगरला बिचकू नका. पूर्व नॉर्थ कॅरोलायनातला सॉस म्हणजे व्हिनेगर, लाल मिरची आणि मीठ, टोमॅटोचं नाव नाही. याच राज्यातल्या लेक्सिंग्टन गावाकडे त्यात थोडं केचप पडतं, साउथ कॅरोलायनात पिवळी मोहरी. सोरपोतेल खाऊन वाढलेल्या गोव्याच्या माणसाला डुकराचं मांस आणि व्हिनेगर ही जोडी समजावून सांगावी लागत नाही.

गोड बार्बेक्यू सॉसची अख्खी बाटली सकाळीच ओतणं हाही त्याच घाईचा प्रकार. साखर कडेला करपते आणि मधला सॉस पाणचट होतो. आदल्या रात्री मीठ, ब्राउन शुगर, पॅप्रिका, मिरपूड आणि लसूण पावडर चोळून तुकडा फ्रिजमध्ये ठेवा. पॅप्रिकाऐवजी थोडं काश्मिरी तिखट चालतं. गरम मसाला नको, हट्टाने सांगते. सॉस शेवटी, ताटात.

मांस काढल्यावर भांड्यातला रस फेकणाऱ्यांना मी घरात घेत नाही. वरची चरबी काढायची, रस पातेल्यात निम्मा होईपर्यंत आटवायचा आणि सोडवलेल्या मांसात थोडा थोडा कालवायचा. खारटपणा तेव्हाच बघा, आधी नाही. मांस गरम असतानाच दोन काट्यांनी सोडवा, थंड झालं की हात दुखतात. कडा कुरकुरीत हव्या असतील तर ट्रेवर पसरून ब्रॉयलरखाली, म्हणजे ओव्हनच्या वरच्या आचेखाली, चार-पाच मिनिटं, आणि तिथून हलू नका.

गोठलेला तुकडा थेट कुकरमध्ये घालू नका. मधला भाग धोक्याच्या, म्हणजे जंतू वाढतात अशा, तापमानात फार वेळ राहतो. फ्रिजमधून काढलेलं गारठलेलं सिरॅमिकचं भांडं लगेच तापवू नका, तडकतं. कुकर काठोकाठ भरू नका, दोन तृतीयांश पुरे.

शिवाय, नवा कुकर घेतलाच आहे म्हणून दुसऱ्या दिवशी त्यात राजमा लावणार असाल तर आधी तो भिजवून, पाणी बदलून, गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळा. लो वरच्या उष्णतेने राजम्यातलं विष जात नाही आणि पोट बिघडतं.

इथल्या शेजाऱ्यांना वाढताना याला बार्बेक्यू म्हणू नका. त्यांच्या लेखी लाकडाच्या निखाऱ्यावर रात्रभर भाजतात ते बार्बेक्यू. पुल्ड पोर्क म्हणा, मऊ पावात भरा, वर कोलस्लॉ, म्हणजे चिरलेल्या कोबीची कोशिंबीर, घाला. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, थोडा रस घालूनच.