परदेशी सरोगसी: आधी बाळाचा पासपोर्ट, मग क्लिनिक

परदेशात सरोगसी (दुसऱ्या स्त्रीने आपले बाळ पोटात वाढवून जन्म देणे) करायची ठरली की पहिला फोन एजन्सीला जातो: खर्च किती, यशाची टक्केवारी किती, नंबर कधी लागेल. हे सगळे नंतरचे प्रश्न. जन्मल्यावर बाळ कोणत्या देशाचे नागरिक असेल, जन्मदाखल्यावर आई-वडील म्हणून कोणाची नावे येतील आणि कोणत्या कागदावर ते गोव्याच्या मोपा किंवा दाबोळी विमानतळावर उतरेल, हे आधी विचारायचे. उत्तर वकिलाकडून लेखी हातात येईपर्यंत एक डॉलरही पाठवू नये.

२००८ मध्ये गुजरातेत आणंदला एका जर्मन दांपत्यासाठी सरोगेट मातेने जुळ्यांना जन्म दिला. जर्मनी सरोगसी मानत नाही. भारतात पासपोर्टचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मुलांना देश सोडायला २०१० उजाडले. तेव्हा परदेशी जोडपी इथे यायची, आता इथली तिकडे जातात. अडकायची जागा तीच आहे.

भारतात जमते का, ते आधी बघा

सरोगसी (नियमन) कायदा, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. जोडपे विवाहित हवे, पत्नी २३ ते ५० आणि पती २६ ते ५५ या वयात हवा, आणि हयात मूल नसावे (गंभीर आजार किंवा अपंगत्व असलेल्या मुलाचा अपवाद आहे). ३५ ते ४५ वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीलाही मुभा आहे. सरोगेट स्त्री २५ ते ३५ वयाची, लग्न झालेली, स्वतःचे मूल असलेली लागते. तिने हे आयुष्यात एकदाच करायचे. वैद्यकीय खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा सोडून तिला मोबदला देता येत नाही. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर, जिल्हा वैद्यकीय मंडळाने दाखला दिला तर जोडप्याला एका बाजूचे दात्याचे बीज (स्त्रीबीज किंवा शुक्राणू) वापरता येते. दोन्ही बाजूंचे नाही.

या चौकटीत बसत असाल तर परदेशाचा नाद सोडा. इथे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून पालकत्वाचा आदेश सरोगेटच्या गर्भाशयात गर्भ सोडण्याआधीच घ्यावा लागतो. कटकट वाटते खरी, पण परदेशात ज्या कागदासाठी लोक महिनोन्महिने झुरतात तोच कागद इथे सुरुवातीलाच हाती येतो.

न बसणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. व्यावसायिक, म्हणजे मोबदला देऊन केलेली, सरोगसी भारतात गुन्हा आहे. पहिल्या खेपेला जोडप्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड, क्लिनिक आणि दलालांना १० वर्षे आणि १० लाखांपर्यंत. परदेशातल्या सरोगसीसाठी कायद्यात वेगळे कलम नाही, आणि एजंट नेमके त्यावरच बोट ठेवून ‘काही होत नाही’ म्हणतात. पण पणजीत किंवा मुंबईत बसून जाहिरात करणारा, पैसे घेणारा माणूस भारतातच असतो. त्याच्याशी व्यवहार करण्याआधी या कायद्यावर काम करणाऱ्या वकिलाचे लेखी मत घ्या.

लिस्बनला जन्म नोंदवलेला असेल तर

हा प्रश्न खास गोव्याचा, कारण गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगालकडे होता. आई-वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर लिस्बनला जन्म नोंदवला, पुढे इंग्लंडला जाऊ असे म्हणून ठेवले, आणि भारतीय पासपोर्ट तसाच खिशात. पोर्तुगाल अशा व्यक्तीला आपला नागरिक मानते, आणि भारतीय नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व जाते. बाळाच्या वेळी दूतावासात प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि तिथे हे उघडे पडते. म्हणून नवरा-बायकोपैकी कोण कशाचे नागरिक, हे आधी मिटवा. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळते ते) असलेल्यांना भारतात सरोगसी करायची तर राष्ट्रीय एआरटी व सरोगसी मंडळाचे शिफारसपत्र लागते.

पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला किंवा साउथहॉलला राहणाऱ्यांना ब्रिटिश कायदा बघावा लागतो. तिथे बाळ जगात कुठेही जन्मो, कायद्याने आई म्हणजे जन्म देणारी, आणि ती विवाहित असेल तर सहसा तिचा नवरा बाप. जन्मदाखल्यावर तुमचे नाव असले तरी न्यायालयाकडून ‘पॅरेंटल ऑर्डर’ (पालकत्वाचा आदेश) घ्यावी लागते. अर्ज बाळ सहा महिन्यांचे व्हायच्या आत करायचा. सरोगेटची संमती बाळ सहा आठवड्यांचे झाल्यावरच ग्राह्य धरतात. तेवढे दिवस तिचा पत्ता आणि फोन चालू राहील, हे करारातच लिहून घ्या. एजन्सीने तिला ‘निरोप’ दिल्यावर ती सापडत नाही, असे घडते.

देश निवडताना

भारताने २०१५ मध्ये परदेशी लोकांना दार बंद केले. त्याच वर्षी थायलंड आणि नेपाळ, २०१६ मध्ये कंबोडिया, २०२२ च्या अखेरीस रशिया. जॉर्जियाच्या सरकारने २०२३ मध्ये तशीच घोषणा केली. एक दार बंद झाले की एजन्सी दुसऱ्या देशात दुकान मांडते, आणि काही वेळा गरोदर सरोगेटलाच सीमेपार नेऊन बाळंत करते. करारात उपचार एका देशात आणि प्रसूती दुसऱ्या देशात असेल तर तिथूनच उठा.

अमेरिका सगळ्यांत महाग: सगळा खर्च धरून साधारण दीड ते दोन लाख डॉलर. पण कॅलिफोर्नियासारख्या राज्यात जन्माआधीच पालकत्वाचा न्यायालयीन आदेश मिळतो, दोन्ही बाजूंना स्वतंत्र वकील सक्तीचा आहे, आणि एजन्सीला तुमचे पैसे स्वतःकडे ठेवता येत नाहीत. राज्यागणिक कायदा बदलतो, त्यामुळे सरोगेट कोणत्या राज्यात बाळंत होणार, हे महत्त्वाचे. कॅनडात मोबदला देणे गुन्हा आहे, पावत्यांवर खर्च तेवढा भरता येतो. तिथल्या ओंटारिओ प्रांतात सरोगेटची संमती बाळ सात दिवसांचे झाल्याशिवाय घेता येत नाही. युक्रेनमध्ये वैद्यकीय कारण असलेल्या विवाहित स्त्री-पुरुषांनाच परवानगी आहे. तिथले हवाई क्षेत्र फेब्रुवारी २०२२ पासून बंद असल्याने बाळाला जमिनीवरून शेजारच्या देशात न्यावे लागते, आणि पोलंडमार्गे यायचे तर भारतीय पासपोर्टवरच्या तान्ह्या बाळालाही शेंगेन व्हिसा लागतो. हा व्हिसा कोणत्याच एजन्सीच्या कोटेशनमध्ये आम्हाला दिसलेला नाही.

नावांचा घोळ

गोव्यातल्या फायली सर्वांत जास्त इथेच अडकतात. लग्नात बायकोचे पाळण्यातले नाव बदलले. आधारवर सासरचे, दहावीच्या दाखल्यावर माहेरचे, पासपोर्टवर तिसरेच मिश्रण. आडनावाचे स्पेलिंग तर विचारू नका: देसाईंत एक ‘एस’ की दोन, शिरोडकरांची सुरुवात ‘एस’ने की ‘एक्स’ने, नाईकांचा शेवट ‘के’ने की ‘क्यू-यू-ई’ने. गावात याने कोणाचे अडत नाही. परदेशी निबंधक मात्र पासपोर्टवर असेल ते अक्षर न् अक्षर जन्मदाखल्यावर उतरवतो, आणि भारतीय वकिलातीत तोच दाखला लग्नाच्या दाखल्याशी ताडून बघतात.

म्हणून पासपोर्ट हे मूळ धरा आणि बाकी सगळे त्याच्याशी जुळवा. उलटे करू नका. गोव्यात नाव बदलायचे तर १९९० च्या नाव व आडनाव बदल कायद्याखाली रीतसर अर्ज करावा लागतो, प्रतिज्ञापत्र आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवर भागत नाही. लग्नाचा दाखला सिव्हिल रजिस्ट्रारच्या नोंदीचा हवा, देवळातली किंवा हॉलमधली पावती नव्हे. मग राज्य सरकारचे प्रमाणीकरण आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मारलेला शिक्का). किमान तीन मूळ प्रती काढा: एक परदेशी न्यायालयात जाते, एक वकिलातीत, तिसरी हरवते.

पैसे, करार, गर्भ

रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात. पती-पत्नीची मर्यादा वेगळी. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर टीसीएस (बँक पैसे पाठवतानाच घेते तो कर) कापला जातो आणि पाठवण्याचा उद्देश काय लिहिला, त्यावर त्याचा दर ठरतो. उद्देश खोटा लिहू नका, पुढे हाच कागद पुरावा होतो. पैशांसाठी जमीन विकणार असाल तर गोव्याच्या कायद्याने ती सहसा दोघांच्या मालकीची, सही दोघांची लागते. नवरा जहाजावर नोकरीला असेल तर त्याचे मुखत्यारपत्र आधीच करून ठेवा.

रक्कम टप्प्यांत द्या: कराराला, गर्भ सोडल्यावर, हृदयाचे ठोके दिसल्यावर, पुढे महिन्यागणिक. ‘बाळ हमखास’ पॅकेजमध्ये बहुतेक पैसा आधीच जातो. करारात या गोष्टी स्पष्ट हव्यात: किती गर्भ सोडायचे (एकच सोडा, जुळे म्हणजे वेळेआधी प्रसूती आणि नवजात अतिदक्षता विभागाचे बिल), व्यंग आढळल्यास निर्णय कोणाचा, सरोगेटने कितव्या आठवड्यानंतर प्रवास करायचा नाही, नवजाताचा विमा कोणाच्या नावे, आणि मधल्या काळात तुम्हा दोघांचे बरेवाईट झाले तर बाळ कोण ताब्यात घेणार. शेवटचे कलम अभद्र वाटते म्हणून लोक टाळतात. गोव्यात वारसाहक्काने अर्धी इस्टेट मुलांसाठी राखीव असते, तेव्हा पालकत्वाचा कागद लटकला तर भाऊबंद गप्प बसतील या भरवशावर राहू नका.

भारतात गोठवून ठेवलेला गर्भ परदेशी न्यायचा तर २०२१ च्या एआरटी (साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याने राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते, आणि ती फक्त स्वतःच्या वापरासाठी मिळते. परवानगीशिवाय नायट्रोजनची टाकी नेऊन देतो म्हणणारा कुरिअरवाला तुम्हालाच गुन्ह्यात ओढेल. एकदा बाहेर गेलेला गर्भ परत आणायचा रस्ताही नाही: २०१५ पासून संशोधन सोडून मानवी गर्भाच्या आयातीवर बंदी आहे.

जन्मानंतर

दाखला हातात आला की दवाखान्यातच अक्षर न् अक्षर तपासा. दुरुस्ती त्याच आठवड्यात सोपी असते. मग एकच मोठा निर्णय. आई-वडिलांपैकी एक तरी भारतीय नागरिक असेल, तर वकिलातीत एका वर्षाच्या आत जन्म नोंदवून बाळाला भारतीय नागरिकत्व मिळते. त्या वेळी बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे लिहून द्यावे लागते. म्हणजे घाईघाईने कॅनडाचा पासपोर्ट काढला की हा रस्ता बंद. मग बाळ व्हिसावर येते आणि पुढे ओसीआय करावे लागते. अमेरिकेत जन्माने मिळणारे नागरिकत्व २०२५ मध्ये न्यायालयीन वादात सापडले, त्या वेळची स्थिती तिथल्या वकिलाला विचारूनच ठरवा. वकिलात सरोगसीचा करार, न्यायालयाचा आदेश आणि डीएनए अहवाल मागू शकते. डीएनए नमुना दूतावासाला मान्य असलेल्या प्रयोगशाळेतच द्या, नाहीतर पुन्हा द्यावा लागतो.

परतीचे तिकीट तारीख बदलता येणारेच काढा. जन्मानंतर तीन ते आठ आठवडे हाताशी ठेवा. बहुतेक विमान कंपन्या एका आठवड्याच्या आतले बाळ घेत नाहीत, वेळेआधी जन्मलेल्याला डॉक्टरांचे पत्र मागतात. मुक्कामाला स्वयंपाकघर असलेले घर बघा आणि घरातले एक अनुभवी माणूस सोबत न्या. पहिल्या पंधरवड्यात आई वकिलातीच्या रांगेत आणि बाप वकिलाकडे असतो.

वकिलातीत नोंद झाली नसेल आणि गोव्यात कायम राहायला आला असाल तर बाळ भारतात उतरल्यापासून ६० दिवसांत इथल्या निबंधकाकडे जन्म नोंदवता येतो. नोकरदार आईचे बीज वापरले असेल तर २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने बाळ ताब्यात आल्यापासून १२ आठवड्यांची रजा आहे. केंद्र सरकारच्या कर्मचारी असाल तर जून २०२४ च्या नियमांनी १८० दिवस, वडिलांना १५. लसीकरणाचे कार्ड इंग्रजीत मागून आणा. अमेरिका आणि कॅनडात बीसीजी सरसकट देत नाहीत, ती घरी आल्यावर जवळच्या आरोग्य केंद्रात लगेच टोचून घ्या.