डावा हात आधी

ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत हॉकीत आपल्या मुलींनी जपानला २-१ असं हरवून कांस्यपदक मिळवलं. त्या संघात वैष्णवी फाळके होती, आपल्या फलटण तालुक्यातल्या आसू गावची. तो सामना पाहिला आणि महिनाभरात मी साताऱ्यात सकाळी सहाला मैदानावर हजर झाले. वय ३६, स्टिक त्याआधी कधी हातात धरलेली नव्हती. सोबतची मुलं बारा-तेरा वर्षांची.

नवीन माणसाची खरी अडचण हातांची असते. सगळं काम उजव्या हाताने करायची आपल्याला सवय, आणि इथे स्टिक वळवतो तो डावा हात. तो दांड्याच्या अगदी वरच्या टोकाला धरायचा. उजवा बराच खाली, सैल. त्याच्या मुठीत दांडा कड्यात फिरावा तसा फिरला पाहिजे. स्टिकची डावी बाजू सपाट आणि उजवी गोलसर असते. गोलसर बाजूने चेंडू खेळायला परवानगी नाही, डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिकही नाही. म्हणून चेंडू डावीकडून परत उजवीकडे आणायचा तर मनगट वळवून स्टिक उलटी करावीच लागते. मी तीन आठवडे एवढंच केलं. घरी गच्चीवर टेनिसचा चेंडू घेऊन रोज दहा मिनिटं, तेही नुसत्या डाव्या हाताने. मनगट भरून यायचं.

हिट मारायची घाई करू नका. सरांनी मला दीड महिना मारू दिली नाही. तेव्हा राग यायचा, आता त्यांचंच बरोबर होतं असं वाटतं. चेंडू अडवणं आणि पुश, म्हणजे स्टिक न उगारता चेंडू ढकलणं, एवढ्यावर छोटा सामना खेळता येतो. अडवताना दांडा थोडा पुढे झुकवा, म्हणजे चेंडू उडत नाही. आमच्या मुरमाच्या मैदानावर खड्याला लागून तो कधी उसळेल याचा नेम नाही. वजन १६० ग्रॅमच्या आसपास, पण टणक. एक दिवस शिनगार्ड न घालता उतरले, नडगीवर बसला आणि आठवडाभर जिना उतरताना कळ यायची. आधी शिनगार्ड आणि माउथगार्ड घ्या. महागडी स्टिक मुरमावर घासून वाया जाते, साधी चालेल.

वाकायचं गुडघ्यांतून, कमरेतून नाही. मांड्यांत ताकद नसेल तर पाठ धरते. त्यासाठी आठवड्यातून दोनदा अजिंक्यतारा चढून येते, फरक पडला.

नियम खेळता खेळता कळतात. चेंडू पायाला लागला की मुलं ओरडतात, “काकू, पाय!” डी म्हणजे गोलसमोर आखलेला अर्धगोल. त्याच्या बाहेरून मारलेला चेंडू आत कुणा साथीदाराच्या स्टिकला न लागता जाळ्यात गेला, तर गोल मिळत नाही. माझा पहिला तसाच गेला. दुसरा मी डीमध्ये शिरून पुश केला. गोलच्या मागच्या फळीवर चेंडू वाजला, आणि मुलं धावत आली.