ठाण्याहून ट्रेनने भाजे-कार्ले, सोबत गाईड, एका दिवसात परत: सगळं कसं जमवायचं

थंडी पडली की सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकतंच, "चला ना एक दिवस कुठेतरी", मग पन्नास अंगठे येतात, दोन जण गोवा म्हणतात, एक जण रिसॉर्ट म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. यंदा तो संपू द्यायचा नसेल तर सरळ लोणावळ्याजवळच्या भाजे आणि कार्ले या बौद्ध लेण्यांचं ठरवून टाका. ठाण्यातून पहाटे गाडीत बसायचं, रात्री जेवायला घरी, बस नाही, एक्स्प्रेसवेचं ट्रॅफिक नाही, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं काम बघायला मिळतं जे आपण लोणावळ्याला जाता-येता आयुष्यभर बाजूने ओलांडत आलोय.

पहिलं काम तिकिटाचं नाही, गाईडचं. उलटं वाटेल, पण अनुभव असा आहे की लोक आधी तिकिटं काढतात, मग खाण्याचं ठरवतात आणि गाईडचा विचार लेण्यांजवळच्या मळवली स्टेशनला उतरल्यावर करतात, आणि तिथे अजिंठ्यासारखे दारात उभे असलेले गाईड नसतात हो! मग काय होतं, वीस माणसं लेण्यात शिरतात, "भारी आहे" म्हणतात, सेल्फी काढतात आणि दहाव्या मिनिटाला कणीस खायला बाहेर. लेणी ही वस्तूच अशी आहे की कुणी सांगितल्याशिवाय दिसत नाही. भिंतीवरची ब्राह्मी लिपीतली ओळ म्हणजे आपल्याला नुसते ओरखडे.

आता गाईड मिळवायचा कुठून? पर्यटन खात्याचं लायसन्स असलेले गाईड पुण्या-मुंबईत आहेत, ते अशा ट्रिपला येतात. दुसरा मार्ग म्हणजे पुरातत्त्व किंवा प्राचीन भारतीय संस्कृती शिकलेली मुलं-मुली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून किंवा मुंबई विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेली बरीच जण शनिवार-रविवारी लेणी दाखवतात. मला स्वतःला हा दुसरा प्रकार जास्त आवडतो, कारण ते पाठ केलेलं बोलत नाहीत. फोनवर बोलताना चैत्याबद्दल, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनाबद्दल, एकच प्रश्न टाका, "कार्ल्याचं चैत्य कुणी खोदून घेतलं?" समोरून "वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी" असं उत्तर आलं की माणूस पक्का करा. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी, तिथल्या या व्यापाऱ्याने हे शैलगृह पूर्ण करून घेतलं आणि "जंबुद्वीपात उत्तम" असं दारातल्या व्हरांड्यात कोरून ठेवलंय. आणि समोरून "पांडवांनी एका रात्रीत खोदलं" आलं, तर थँक यू म्हणून फोन ठेवा.

मानधन आधीच बोलून घ्या, त्यात प्रवास आणि जेवण धरलंय का तेही विचारा, आणि एका गाईडमागे वीसच्या वर माणसं नकोत. चैत्यात आवाज घुमतो, मागच्याला काही कळत नाही, मग मागचे आपापसात गप्पा मारतात आणि तो आवाज अजून घुमतो.

गाईडची तारीख मिळाली की तिकिटं. सकाळी आपल्या कामाच्या गाड्या दोन. इंद्रायणी सीएसएमटीहून ५:४० ला निघते आणि सव्वासहाच्या आसपास ठाण्यात येते, लोणावळा आठ-सव्वाआठ. डेक्कन एक्स्प्रेस सीएसएमटीहून सातला, लोणावळ्याला पोचेपर्यंत साडेनऊ उलटून जातात. झोपाळू मंडळी डेक्कनच्या बाजूने मत देतील, ऐकू नका, ते दीड तास दुपारी कार्ल्यात हवे असतात. येताना संध्याकाळची इंद्रायणी, ती लोणावळ्याला साडेसातच्या सुमारास असते. वेळा बदलत राहतात, म्हणून बुकिंगच्या वेळी आणि आदल्या रात्री परत एकदा बघा. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, एका तिकिटावर सहाच जण बसतात, त्यामुळे वीस जणांना चार तिकिटं होणार आणि सीटा इकडे-तिकडे पडणार. सेकंड सीटिंग पुरे, एसीच्या बंद काचेतून घाट बघण्यात काय मजा. जनरलने जाऊ म्हणणारा एक असतोच, त्याला सांगा की रोज पुण्याला अप-डाऊन करणाऱ्या पासवाल्यांशी सीटवरून वाद घालायची तयारी असेल तर खुशाल ये.

नवी मुंबईवाल्यांनी पनवेलहून कर्जतच्या मार्गाने काही जमतंय का ते शोधत बसू नये. प्रगती एक्स्प्रेस पनवेलवरून जाते खरी पण ती सकाळी पुण्याहून मुंबईकडे येते आणि संध्याकाळी परत जाते, म्हणजे आपल्या बरोब्बर उलटी. वाशी, नेरूळ, ऐरोलीकरांनी पहाटेची ट्रान्सहार्बर पकडून ठाण्यालाच यावं. खारघर-पनवेलवाल्यांना लोकलने एवढ्या लवकर ठाणं गाठणं अवघड जातं, त्यांनी आदल्या रात्री ठाण्याच्या नातेवाइकांकडे मुक्काम केला तर उत्तम, नाहीतर रिक्षा-टॅक्सी शेअर. भेटायची जागा प्लॅटफॉर्म ठेवू नका, पश्चिमेला स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखाली ठरलेल्या एका जागी ५:४५ ला, आणि मग सगळे मिळून इंडिकेटर बघून पुलावरून उतरा. पूर्वेकडून येणाऱ्यांना हे वेगळं, दोनदा सांगा, कारण ते "आम्ही आलोय, तुम्ही कुठे" असे फोन करत पूर्वेलाच उभे राहतात.

गाईड ठाण्यातूनच सोबत असेल तर गाडीतला वेळ वाया घालवू नका, खरी सहल तिथूनच सुरू होते. कल्याण आलं की त्यांना बंदराबद्दल विचारा. सोपारा, कल्याण ही जुनी बंदरं, तिथून माल घाट चढून वर जायचा आणि त्या घाटवाटांच्या तोंडाशीच ही लेणी खोदली गेली, व्यापारी दान द्यायचे, भिक्षू पावसाळ्यात राहायचे. म्हणजे आपण बसलेली गाडी साधारण त्याच दिशेने चाललेली असते. ठाण्याला रेल्वे आली १८५३ ला हे आपल्याकडे शाळेतल्या पोराला पण माहीत असतं, पण बोरघाटातून गाडी वर जायला १८६३ उजाडलं. चढ ३७ ला १, म्हणून आजही कर्जतला बहुतेक गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. तेवढ्या वेळात वडापाव घ्या, खिडकीतूनच, खाली उतरून लांब जाऊ नका. आणि बोगदे सुरू झाले की पोरांना दारापासून आत ओढा.

लोणावळ्याला उतरून नाश्ता, बाथरूम (हे इथेच उरका, पुढे भरवसा नाही), आणि मग पुण्याची लोकल पकडून पुढचंच स्टेशन मळवली. सकाळी लोकल मिळते, पण दुपारी मध्ये मोठा गॅप पडतो, त्यामुळे दिवसभर लोकलवर विसंबून राहायचं नाही. माझं मत असं की मळवलीपासून दिवसभरासाठी एक-दोन जीप किंवा टेंपो ट्रॅव्हलर आधीच फोनवर ठरवून टाका, ज्यांना चालायचंय ते भाज्यापर्यंत चालतील, एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडून अर्ध्या-पाऊण तासात पायथा येतो, बाकीचे गाडीतून. संध्याकाळी तीच गाडी कार्ल्याहून थेट लोणावळा स्टेशनला सोडते आणि डोक्याचा ताप वाचतो.

आधी भाजे, मग कार्ले. हा क्रम बदलू नका, कितीही जण "आधी कार्ल्याच्या एकवीरेचं दर्शन" म्हणाले तरी. दोन्ही लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी भाज्याच्या पायऱ्या सावलीत चढता येतात आणि दुपार कलली की कार्ल्याच्या मोठ्या गवाक्षातून (कमानीच्या खिडकीतून) उजेड आत शिरतो, तेव्हा तिथले खांब बघायचे. आणि दुसरं म्हणजे भाजे जुनं, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातलं, तिथे हात बसवणं चाललंय, तेच पुढे कार्ल्यात पूर्ण तयार झालेलं दिसतं. उलट गेलात तर कार्ल्यानंतर भाजे बघताना लोक म्हणतात "हे तर साधंच आहे".

भाज्यात बावीस लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट नको. चैत्यगृहात गाईडला खांब दाखवायला सांगा, सत्तावीस अष्टकोनी खांब आणि सगळे आतल्या बाजूला किंचित झुकलेले. दगडाच्या खांबाला झुकायची काही गरज नाही, पण लाकडी इमारतीत वरचा भार पेलायला खांब तिरके लावत, आणि खोदणाऱ्यांच्या डोळ्यासमोर लाकडाचीच इमारत होती म्हणून दगडातही तसेच उतरले. वर बघा, छताला लाकडाच्या कमानी आहेत. पुढची बाजू आज उघडी दिसते, तिथे लाकडी दर्शनी भिंत होती, ती अडकवायच्या खाचा दगडात अजून आहेत, गाईड न दाखवता निघाला तर थांबवा. बाजूला चौदा स्तूपांचा घोळका आहे, त्यातल्या काहींवर भिक्षूंची नावं कोरलीत, तिथे जरा शांत उभं राहा, ही स्मारकं आहेत, त्यावर चढून फोटो काढणारे भेटतातच, त्यातले आपण नको. पाण्याच्या टाकीवर महारठी विष्णुदत्त याने दान दिल्याचा लेख आहे. आणि दक्षिणेच्या टोकाच्या विहारात (भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्यात) चार घोड्यांच्या रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र, ही या कोरीव कामाची नेहमीची ओळख, अभ्यासकांत त्यावर वाद आहेत आणि चांगला गाईड ते वादही सांगतो. तिथेच तबल्यासारखं वाद्य वाजवणारी बाई आहे, ग्रुपमध्ये कुणी तबला शिकत असेल तर त्याला पुढे करा.

वर लोहगड दिसत राहतो आणि कुणीतरी म्हणणारच की आलोच आहोत तर जाऊन येऊ. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मिळाला त्यात लोहगड आहे, त्यामुळे मोह जास्तच होतो. नाही म्हणा. लोहगडाला त्याचा वेगळा दिवस द्या.

जेवण भाजे गावात, पिठलं-भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. सकाळी वर चढायच्या आधीच माणसं किती ते सांगून जा, खाली येईपर्यंत तयार असतं. कार्ले फाट्यावर हॉटेलं बरीच आहेत पण वीस जणांची ऑर्डर यायला तिथे तासभर जातो आणि तो तास आपल्याकडे नाही.

कार्ल्याला दोनच्या सुमारास लागा. गाडी अर्ध्या डोंगरापर्यंत जाते, पुढे पायऱ्या, दोन्ही बाजूंना हार-फुलं, पेढे, खेळण्यांची दुकानं. गुडघे दुखणाऱ्यांना घाई करू नका. एकवीरा आई म्हणजे आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या आगरी-कोळ्यांची कुलदेवता, सीकेपींची पण, त्यामुळे ग्रुपमधले निम्मे इथे लहानपणापासून येत असतात आणि गंमत म्हणजे त्यातल्या कित्येकांनी शेजारचं लेणं आत जाऊन कधी बघितलेलं नसतं! रविवार, मंगळवार, शुक्रवार, नवरात्र आणि चैत्रातली यात्रा सोडून या. शनिवार किंवा मधला वार बरा. आधी लेणं बघून घ्या, मग ज्यांना दर्शनाला जायचंय ते रांगेत लागतील, नाहीतर रांगेत सगळे अडकतात आणि गाईड बाहेर घड्याळ बघत बसतो.

लेण्यांचं तिकीट भारतीयांना वीस-पंचवीस रुपये, पंधराच्या आतल्या पोरांना फुकट, क्यूआरवर पैसे देता येतात पण नेटवर्क दगा देतं म्हणून सुट्टे ठेवा. वेळ नऊ ते पाच धरून चाला.

कार्ल्याचं चैत्य देशातलं सगळ्यात मोठं. बाहेर चार सिंहांचा स्तंभ, आत दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीचे खांब, खाली घटाचा आकार आणि वर हत्तींवर बसलेली जोडपी, स्तूपामागचे सात मात्र अगदी साधे, एकूण सदतीस. छतातल्या लाकडी कमानी आणि स्तूपावरची लाकडी छत्री, हे लाकूड मूळचं आहे हे सांगितल्यावर लोक पहिल्यांदा मान वर करतात. इथे गाईडला घाई करू देऊ नका, लेख वाचून दाखवायला लावा, खरी मजा त्यातच आहे. धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी (त्या काळी ग्रीकांना यवन म्हणत) खांब दिलेत, सोपाऱ्याच्या माणसाचा एक खांब आहे, दारावर एका गंधिकाचं म्हणजे अत्तरवाल्याचं नाव आहे आणि ते काम करणाऱ्या सुताराचंही. राजा नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी गाव दान दिल्याचा लेख पण इथेच. दर्शनी भिंतीवर जोडप्यांच्या मूर्ती आहेत आणि मधे मधे बुद्धाच्या, त्या बुद्धमूर्ती कितीतरी नंतरच्या, जुनं काम छाटून बसवलेल्या. कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे पोरांना ओळखायला लावा, अर्धा तास आरामात जातो.

माकडांपासून पिशव्या सांभाळा, प्रसादाची तर आधी. पावसाळ्यात भाज्याचा धबधबा बघायला अख्खं पुणे-मुंबई लोटतं, प्रशासन निर्बंध पण घालतं, त्यामुळे ही ट्रिप ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी.

साडेपाचला कार्ल्यावरून खाली, सव्वासहा-साडेसहाला लोणावळा, चहा, चिक्की आणि प्लॅटफॉर्म. चिक्कीसाठी लोकांना सोडलं की ते परत येत नाहीत, म्हणून एकाच माणसाकडे ऑर्डर देऊन त्यालाच पाठवा. हिशोब गाडीत, कर्जत यायच्या आत मिटवा, जीप, जेवण, गाईड, तिकिटं सगळं ग्रुपवर टाका आणि समोरासमोर जीपे करायला लावा, कारण कल्याणवाले आधी उतरतात आणि मग आठवडाभर "अरे हो, टाकतो" चालू राहतं. ठाण्याला उतरायला सव्वानऊ-साडेनऊ होतात, वाशी-पनवेलची लोकल तेव्हा असते, पण गाडी लेट झाली तर ऐरोली-नेरूळवाल्यांनी एकत्र राहा आणि शेवटच्या लोकलची वेळ आधीच फोनमध्ये टाकून ठेवा.