सोसायटीची आणि शाळेची हिवाळी भाजीबाग: ऑक्टोबरमध्ये या चुका टाळा

पाऊस ओसरला की सोसायट्यांना आणि शाळांना बागेची आठवण येते, आणि ती योग्य वेळी येते. महाराष्ट्रात नवख्या माणसांनी भाजी पिकवायला ऑक्टोबर ते फेब्रुवारीइतका सोपा काळ दुसरा नाही. २ ऑक्टोबरला श्रमदान ठरतं, माणसं जमतात, वाफे होतात, रोपं लागतात, फोटो निघतात. डिसेंबरात मात्र बऱ्याच ठिकाणी त्याच वाफ्यांत वाळलेल्या काड्या उभ्या असतात. मग "आपल्याकडची मातीच खराब" असा निष्कर्ष निघतो. माती बहुतेक वेळा ठीक असते. लागवडीची तारीख माणसांच्या सवडीने ठरलेली असते आणि पुढचे तीन आठवडे पाणी कोण घालणार हे कुणीच ठरवलेलं नसतं. सामूहिक बाग इथे बिघडते, म्हणून या चुकीला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे.

दिवाळीच्या तोंडावर पेरणी

मान्सून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्रातून परततो आणि लगेच ऑक्टोबर हीट सुरू होते. आकाश निरभ्र, ऊन थेट, आणि वरची इंचभर माती दुपारपर्यंत कोरडी पडते. नुकती उगवलेली मेथी किंवा पालक याच इंचभर मातीवर जगत असतात. दोन दिवस पाणी चुकलं की वाफा संपला. नेमक्या याच दिवसांत दिवाळी येते. निम्मी सोसायटी गावाला जाते, शाळा बंद होतात, माळीकाकाही घरी जातात, आणि त्यांनी जायलाच हवं.

त्यामुळे दिवाळीआधी फक्त तयारी करा. वाफे आखा, तण काढा, खत मिसळा, बियाणं आणून ठेवा. टोमॅटो, वांगी, मिरची, फ्लॉवर, कोबी यांची रोपं ट्रेमध्ये करा आणि सुट्टीत इथेच राहणाऱ्या एखाद्या घराच्या गॅलरीत ते ट्रे ठेवा. दहा वाफ्यांपेक्षा दोन ट्रे सांभाळणं कुणालाही जमतं. ही रोपं २५ ते ३० दिवसांत लावायला येतात, म्हणजे सगळे परतल्यावर. पालेभाज्यांचं बी सुट्टीनंतर शाळा भरली की पहिल्या आठवड्यात टाका. मेथी महिन्याभरात काढणीला येते, त्यामुळे नाताळाच्या सुट्टीआधी मुलांच्या हातात जुडी पडते.

आधीच पेरून झालं असेल तर वाफ्यांवर सुक्या गवताचं पातळ आच्छादन घाला आणि मोठ्या रोपांजवळ मटके पुरा. मटका भाजलेला हवा, रंगवलेला नको. साधा, पाणी झिरपणारा मातीचा हवा. गळ्यापर्यंत पुरायचा, पाणी भरायचं आणि तोंडावर झाकण ठेवायचं. झाकण विसरू नका, नाहीतर त्यात डास होतील. मटका माणसाची रोजची फेरी वाचवतो, पण तो भरायला दर तीन-चार दिवसांनी कुणीतरी लागतंच.

"आपण सगळे मिळून पाणी घालू" असं ठरवणं म्हणजे कुणीच न घालणं. आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक नाव आणि त्याच्या जागी येणारं दुसरं नाव लिहा. नळाजवळ एक वही टांगा. पाणी घातलं की तारीख आणि सही. नळाची किल्ली कुणाकडे असते, पाइप शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचतो का, हे श्रमदानाच्या आधी तपासा. वॉचमनदादांना जाता-जाता "जरा पाणी मारा ना" असं सांगू नका. ते काम त्यांनी करायचं असेल तर कमिटीत ठराव करा आणि त्याचे वेगळे पैसे द्या. त्यांच्या सौजन्यावर बाग चालवणं योग्य नाही.

आणखी एक: श्रमदान सकाळी नऊला ठेवलं की रोपं जमिनीत जातात दहा-अकराला आणि लगेच भर उन्हात सापडतात. बाराच्या सुमारास सगळी माना टाकतात. हाच कार्यक्रम संध्याकाळी साडेचारला ठेवा. रोपाला रात्र मिळते आणि मर निम्म्याहून कमी होते, असा अनुभव बहुतेक माळी सांगतील.

वाफसा न बघता कुदळ मारणं

वाफसा म्हणजे माती खणायला योग्य इतपतच ओली असणं. शेतकऱ्यांच्या घरातून आलेल्या प्रत्येकाला तो माहीत असतो, शहरातल्या मुलांना तो दाखवावा लागतो. चार इंच खालची मूठभर माती घ्या आणि दाबून गोळा करा. गोळा कमरेच्या उंचीवरून सोडा. तो फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे, काम सुरू करा. तसाच थापटीसारखा बसला तर माती अजून ओली आहे, दोन-तीन दिवस थांबा. गोळाच होत नसेल तर आदल्या दिवशी पाणी द्या. काळ्या मातीत ओल्यावर कुदळ मारली की विटेसारखी ढेकळं होतात आणि त्या हंगामात ती फुटत नाहीत. ओल्या वाफ्यात पन्नास पायांनी फिरलं तरी हाच परिणाम होतो. म्हणून वाफा तीन-साडेतीन फुटांपेक्षा रुंद करू नका. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचला पाहिजे. आत पाय पडायचं कारणच उरत नाही.

कच्चं खत

सोसायटीतल्या ओल्या कचऱ्याचं खत ही मोठी संपत्ती आहे. पण पावसाळ्यात खतखड्डा भिजलेला, दबलेला असतो आणि ऑक्टोबरमध्ये घाईने उपसलेलं खत अनेकदा अर्धंच मुरलेलं असतं. आंबूस वास येतो, हाताला कोमट लागतं, सालींचे तुकडे ओळखू येतात. असं खत मुळांशी गेलं की रोपं पिवळी पडतात.

याची परीक्षा मुलांकडून करवून घ्या. दोन वाट्या घ्या, एकीत साधी माती आणि दुसरीत खत. दोन्हींत मेथीचे वीस-वीस दाणे टाका आणि ओलावा ठेवा. मेथी तीन ते पाच दिवसांत उगवते. खताच्या वाटीत मातीइतकेच दाणे उगवले आणि कोंब तरतरीत असले तर खत तयार. कमी उगवले किंवा टोकं करपली तर खत उलथून, सुकी पानं मिसळून आणखी तीन-चार आठवडे ठेवा. विज्ञानाच्या एका तासाला पुरेल इतका हा प्रयोग आहे आणि त्याच्या निकालावर खरोखर काहीतरी ठरतं, त्यामुळे मुलं तो मनापासून करतात.

मुलांच्या हातात रंगीत बियाणं

ही चूक गंभीर आहे. कृषी केंद्रातून आणलेल्या पाकिटातलं बी गुलाबी, निळं किंवा हिरवं दिसत असेल तर त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावलेलं असतं. ते लहान मुलांच्या उघड्या हातात देऊ नका. पाकिटावरची सूचना आधी मोठ्यांनी वाचावी, दुकानातच "औषध न लावलेलं द्या" म्हणून मागावं. मेथी, धणे, मोहरी आणि लसूण हे तर स्वयंपाकघरातूनच मिळतं. मेथी घरची उत्तम उगवते. धणे जुने असतील तर उगवण कमी होते, म्हणून आधी थोडे पेरून पाहा. धणे हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि मग पेरा. अख्खे धणे टाकून "कोथिंबीर येतच नाही" म्हणणारे खूप भेटतात. कोथिंबिरीला आठ-दहा दिवस, कधी बारा दिवसही लागतात. पाचव्या दिवशी माती उकरून बघू नये, हे मुलांपेक्षा मोठ्यांनाच सांगावं लागतं.

कोथिंबीर, गाजर आणि वाटाणा ऑक्टोबरच्या उकाड्यात नाराज असतात. रात्री गार होऊ लागल्यावर, नोव्हेंबरात पेरा. मुळा, मेथी, लाल माठ आणि पालक यांना एवढं वावडं नाही. गाजर आणि मुळा थेट जागेवरच पेरायचे, उपटून दुसरीकडे लावले की मूळ वेडंवाकडं होतं. लसणाच्या पाकळीचं टोक वर हवं. तो निघायला चार महिने लागतात, त्यामुळे मार्चमध्ये शाळा परीक्षेत असताना त्याच्याकडे कोण बघणार, ते आत्ताच ठरवा.

गाजरगवताकडे दुर्लक्ष

पावसाळ्यानंतर कुंपणाकडेला पांढऱ्या बारीक फुलांचं जे तण माजलेलं असतं, ते बहुतेक गाजरगवत. भारतात त्याची सुरुवातीची ठळक नोंद १९५०च्या दशकात पुण्यातच झाली आणि आज ते देशभर पसरलं आहे. त्याने अनेकांना त्वचेची ॲलर्जी होते, परागांमुळे सर्दी आणि दम्याचा त्रास वाढतो. मुलांकडून ते उपटून घेऊ नका. मोठ्यांनी हातमोजे घालून, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून, फुलण्याआधी मुळासकट काढावं. फुलं आली असतील तर ते खतखड्ड्यात अजिबात टाकू नये. बी खतातून सगळ्या वाफ्यांत जाईल.

साफसफाईला हात घालण्याआधी उंच गवतात आणि विटा-फांद्यांच्या ढिगात काठीने आवाज करा. पावसाळ्यानंतर तिथे साप आणि विंचू असू शकतात. जमवलेला कचरा पेटवू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली असून त्याला दंड आहे. दंड नसता तरी वाफ्यावर पसरायची वस्तू जाळून टाकणं चुकीचंच.

कुंड्यांखालच्या ताटल्या, रिकामे डबे आणि झारीत राहिलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून कोरडं करा. डेंग्यूचा काळ नोव्हेंबरपर्यंत असतो. बागेमुळे डास झाले अशी तक्रार एकदा झाली की बाग बंद करायला तेवढं कारण पुरतं.

गच्चीवर माती ओतणं

जमीन नसली की सगळ्यांचं लक्ष गच्चीकडे जातं. एक फूट खोल ओली माती दर चौरस मीटरला ४०० ते ५०० किलो भरते, आणि नेहमीच्या गच्चीचा वापराचा भार साधारण १५० किलो धरलेला असतो. इंजिनिअरला विचारल्याशिवाय आणि गळतीची तपासणी केल्याशिवाय वाफे बांधू नका. हलकी पद्धत मुंबईत फार पूर्वी सिद्ध झाली आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२च्या सुमारास बाग सुरू केली. माती जवळजवळ न वापरता, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि सुका पालापाचोळा कुजवून त्यातच झाडं वाढवली.

रोगाचं नाव न कळता फवारणी

पानं आकसली, मागे बारीक हिरवे-काळे किडे दिसले तर मावा; कापसासारखे पांढरे गोळे असले तर पिठ्या ढेकूण; पानावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा असल्या तर नागअळी. तिन्हींना एकच औषध मारणं निष्फळ. नागअळी पानाच्या आत असते, ती पानं तोडून टाकणं पुरतं. मावा थोडा असेल तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन जातो. तरी राहिला तर ५० ग्रॅम निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, थोडा साबण घाला आणि संध्याकाळी पानांच्या मागून फवारा. दुपारी फवारलं तर पानं भाजतात.

पिवळी खालची पानं दिसली की नवखे स्वयंसेवक पाणी वाढवतात. आधी बोट दोन इंच मातीत घाला. माती ओली असताना पिवळेपणा असेल तर पाणी कमी करा आणि निचरा बघा. रोपं लांबट, फिकट, आडवी पडणारी असतील तर ऊन कमी आहे. समोरची इमारत हिवाळ्यात किती सावली टाकते हे ऑक्टोबरमध्ये लक्षात येत नाही, कारण सूर्य दक्षिणेकडे झुकत जातो. दक्षिणेला उंच भिंत असेल तर तो वाफा पालेभाज्यांना ठेवा, टोमॅटोला नको.

शिकवणं म्हणजे भाषण

पन्नास मुलं एका वाफ्याभोवती उभी करून प्रकाशसंश्लेषण समजावण्यात कुणाचाच वेळ सार्थकी लागत नाही. पाच-सहा जणांचा गट, प्रत्येक गटाला स्वतःचा वाफ्याचा तुकडा आणि एक वही द्या. वहीत चारच रकाने हवेत: काय पेरलं, कधी पेरलं, कधी उगवलं, आज उंची किती. एका गटाने मेथी दाट टाकावी, दुसऱ्याने विरळ. एकाने आच्छादन घालावं, दुसऱ्याने नको. दोन आठवड्यांनी गटांनी एकमेकांचे वाफे बघायला जायचं आणि प्रश्न विचारायचे.

कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवार हे शेतकऱ्यांचं जाळं असंच उभं केलं. द्राक्ष बागायतदार एकमेकांच्या बागा बघत, नोंदी ताडून पाहत आणि त्यातून शिकत. शाळेच्या अंगणातही ही पद्धत तितकीच चालते. शिवाय तुमच्या सोसायटीत किंवा शाळेत एक तज्ज्ञ आधीपासून आहे. माळीकाकांना पहिल्याच दिवशी बोलवा, मुलांसमोर त्यांच्याकडून खुरपं धरायला शिकवून घ्या. बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक त्यांना न विचारता त्यांच्याच झाडांभोवती खणतात आणि मग ते सहकार्य करत नाहीत म्हणून नाराज होतात.

काढणीचा नियम नसणं

पहिली मेथी कापायची वेळ येते आणि तिथेच भांडण होतं. पाणी घालणाऱ्या घरांना आधी, उरलं तर इतरांना, आणि एक वाटा वॉचमन, माळी आणि सफाई कामगारांना, असा साधा नियम पेरणीच्या दिवशीच लिहून नोटीस बोर्डवर लावा. शाळेत भाजी पोषण आहाराच्या स्वयंपाकात घालायची असेल तर ताईंना दोन दिवस आधी सांगा, म्हणजे त्या बाजारातून तेवढी कमी आणतील.

जानेवारी सरता-सरता परिसरातली झाडं पानं गाळू लागतील. तेव्हा सफाई कामगारांना सांगून ती पानं कोरडी असतानाच गोण्यांत भरा आणि पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी ठेवा. पुढच्या ऑक्टोबरला आच्छादन शोधायला निघाल तेव्हा झाडांवरून एवढी पानं पडत नसतात.